बोटीचं छत आणि हमरस्त्यावरचा वारा

राऊ सर्कल मागे टाकून बायपासला लागलं की सर्व्हिस रोडच्या कडेने ट्रक उभे दिसतात. एकामागे एक, सावली मिळेल तिथे. मे महिना आहे. सकाळचे दहा वाजलेत आणि डांबर आताच मऊ पडलंय. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडतो, थांबतो, पुन्हा धडधडतो. एअर ब्रेक फुसकन सुटतात. कुणीतरी गंजलेल्या फाळक्याची कडी हातोडीने ठोकून बसवतंय. टपरीवर पोह्यांची कढई तळाला आलीय. चहा मात्र उकळतोच आहे.

उभ्या गाड्यांवर कांदा आहे, सरकी आहे, कूलरच्या जाळ्या आहेत, प्लास्टिकच्या खुर्च्यांचे उंच गठ्ठे आहेत. आणि शेवटून तिसऱ्या ट्रेलरवर एक बोट आहे.

माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर, भर उन्हात बोट उभी असली की माणसं थांबतात. दुचाकीवाला वेग कमी करतो. मागे बसलेला मुलगा मान वळवून पाहत राहतो. बोट पांढऱ्या फायबरची, वीसेक फूट लांब, कडेने निळा पट्टा. लाकडी ओंडक्यांच्या पाळण्यात बसवलेली आणि साखळ्यांनी ट्रेलरला जखडलेली. मागचं इंजिन गोणपाटात गुंडाळलंय. आसनांवर प्लास्टिक चढवलंय. इतकी सगळी काळजी घेतलेली दिसते, आणि तिच्या डोक्यावर मात्र चार स्टीलच्या कमानींवर ताणलेलं निळं कापडी छत तसंच उघडं उभं आहे. बोटवाले त्याला बिमिनी म्हणतात. त्याचा मागचा डावा कोपरा फाटून लोंबतोय. एखादा ट्रक जवळून सुसाट गेला की ती चिंधी सपकन वर उडते आणि पाइपवर आपटते.

ड्रायव्हर ट्रेलरच्या सावलीत उकिडवा बसलाय. भरूचकडून निघालाय. दाहोद, झाबुआ, धार, घाटाबिल्लोद, पीथमपूर करत रात्रीतून राऊला पोचलाय. जायचंय खंडवा रोडने पुढे, इंदिरा सागर जलाशयाच्या काठावर. छत फाटल्याचं त्याला धारच्या अलीकडे चहाला थांबल्यावर दिसलं. "बोला था, छत को हाथ मत लगाना," तो सांगतो. माल भरणाऱ्यांनी हात लावू नको म्हटलं, याने लावला नाही. आता नुकसानीचे पैसे कुणाच्या भाड्यातून कापले जाणार, हे त्याला ठाऊक आहे. त्याचा क्लीनर अठरा-एकोणीस वर्षांचा. पाण्याच्या बाटलीचं ओलं फडकं मानेवर टाकून तो फाटक्या कोपऱ्याकडे पाहत उभा आहे.

पन्नासेक पावलांवर हूडवाल्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पुढे मोकळी जागा. पाटीवर लिहिलंय, हूड, सीट कव्हर, तिरपाल. दाराशी रिक्षाच्या हूडचे दोन सांगाडे टेकवून ठेवलेत. आत काळ्या रेक्झिनचे गुंडाळे, पिवळ्या कापडाचा तागा, फोमचे तुकडे, कड्यांनी भरलेले डबे. जाड कापड शिवायचं जुनं मशीन मधोमध. पंखा आहे, पण तो गरम हवाच फिरवतो.

हूडवाले काका साठीच्या पुढचे. मराठी कुटुंबातले, इंदुरातच जन्मलेले. गिऱ्हाइकाशी इंदुरी हिंदीत बोलतात, माझ्याशी मराठीत. उमेदवारीला होते तेव्हा टांग्यांची छतं शिवली, मग जीपची, मग रिक्षांची. बोटीची छतं वर्षात मोजकीच येतात. पण काम त्यांना परकं नाही. कमानी, बिजागऱ्या, ताणलेलं कापड, घडी करून मागे पाडायची सोय. सगळं ओळखीचं.

काका ट्रेलरवर चढत नाहीत. आधी खालूनच बघतात. चष्मा कपाळावर सरकवून, फाटक्या जागेच्या रेषेवरून नजर फिरवतात. मग म्हणतात, "कापड नाही हो फाटलेलं. शिवण गेली."

क्लीनर वर चढून कोपरा खाली धरतो. खरंच, कापड बरंचसं धड आहे. समुद्रावर वापरायचं हे ॲक्रिलिक कापड साधारण 310 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 310 ग्रॅम. रंग धाग्यातच मुरवलेला असतो, त्यामुळे उन्हाने लवकर विटत नाही. पण ते जोडणारा दोरा तितका टिकत नाही. उन्हातले अतिनील किरण दोऱ्याला आधी खातात. वरून दोरा दिसतो पांढरा, शाबूत. काका नखाने खरवडतात. दोऱ्याचा भुगा होतो. असा दोरा पाण्यावर अजून एखादा मोसम निघाला असता. रस्त्यावर तो एका रात्रीत सुटला.

टपरीवरच्या बाकावर बसून मी कागदावर आकडे मांडतो. सरोवरात फिरणारी अशी बोट ताशी 25 किलोमीटरने गेली तर समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरमागे जेमतेम तीन किलो पडतो. हेच छत ट्रेलरवर ताशी 80 ने निघालं की दाब तीस किलोच्या आसपास जातो. दहापट. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे गणित वाऱ्याचंच आहे. समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल तर कापडाच्या दृष्टीने वेग 100 झाला, आणि चौरस मीटरमागे वजन पंचेचाळीस किलोच्या पुढे गेलं. या छताचं क्षेत्रफळ पाच चौरस मीटर तरी आहे. सपाट छतावर सगळा दाब एकदम बसत नाही, हे खरं. पण पुढची कड जराशी उचलली गेली, कापड फुगलं, की ते छत राहत नाही, शीड होतं. ते पेलायला आहेत इंचभर जाडीच्या चार पोकळ नळ्या आणि फायबरमध्ये पिळलेले थोडे स्क्रू.

आपल्याकडे मालवाहू गाड्यांना ताशी 80 च्या वर जाता येत नाही, वेगनियंत्रकच बसवलेला असतो. म्हणून ड्रायव्हर अगदी सरळपणे म्हणतो, "अस्सी से ऊपर गाड़ी जाती ही नहीं।" तो खोटं बोलत नाही. पण ऐंशी हाच या छताच्या पलीकडचा आकडा आहे. त्यात ट्रेलरच्या केबिनमागे वारा सरळ वाहत नाही, घोळ घालत येतो. कापड क्षणात फुगतं, क्षणात बसतं. आणि शेजारून मोठी गाडी गेली की आडवा धक्का वेगळाच. ताणाने शिवण फाटायला वेळ लागतो, फडफडीने ती पटकन उसवते. इथून जवळच पीथमपूरला मोटारींच्या चाचणीसाठी 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, 2021 साली खुला झालेला. गाड्या तिथे तपासून बाहेर पडतात. गाडीवर बांधलेल्या कापडाची परीक्षा मात्र याच बायपासवर होते.

मी पुढे जाऊन बाकीच्या गाड्या बघतो. कांद्याच्या ट्रकवर ताडपत्री आहे, पण मागून उघडी. माल तापू नये, श्वास घेता यावा म्हणून. सरकीच्या गाडीवर दोन ताडपत्र्या एकमेकींवर चढवल्यात. पुढची ताडपत्री मागचीच्या वर, म्हणजे वाऱ्याला शिरायला फट मिळत नाही. तिचा ड्रायव्हर दोर आवळतोय. दोराला मध्येच एक फासा घालतो, टोक खालच्या आकड्यातून वर आणून फाशातून ओढतो. पाय फाळक्याला लावून अंगाचा सगळा भार मागे टाकतो. दोर तुणतुणतो. त्या फाशामुळे हाताची ओढ जवळपास दुप्पट होते. गाठ मात्र एका झटक्यात सुटते. लहान पोरं क्लीनर म्हणून गाडीवर चढतात तेव्हा पहिली हीच गाठ शिकतात.

खुर्च्यांच्या ट्रकवरच्या ताडपत्रीची एक कड सैल आहे. उभ्या गाडीतही ती वाऱ्याने हलते. गठ्ठ्यावर जिथे ती घासते तिथे खुर्चीच्या प्लास्टिकची चकाकी गेलेली, पांढुरका चट्टा पडलेला. ताडपत्रीला धूळ चिकटलेली असते. मग ती फडफडताना घासकागदाचं काम करते.

परत येतो तेव्हा बोटीभोवती सल्ला देणाऱ्यांचं कोंडाळं जमलंय. टायरवाला म्हणतो, एक मोठी तिरपाल छतावरून टाका आणि चारही बाजूंनी आवळा, काम झालं. दोघेतिघे माना डोलावतात. काका ऐकून घेतात आणि नाही म्हणतात. छत उभं ठेवून वर ताडपत्री घातली तर वाऱ्याला आणखी मोठं अंग मिळेल. आज शिवण गेली, उद्या कमान वाकेल, परवा बिजागरीचे स्क्रू फायबरसकट उपटून येतील. शिवण चारशे-पाचशे रुपयांत होते. फायबर उखडलं तर बोट पुन्हा कारखान्यात.

आणि उंचीचं काय? क्लीनर टेप घेऊन येतो. ट्रेलरचा फलाट जमिनीपासून मीटरभर, त्यावर पाळणा, पाळण्यात बोट, बोटीवर कमानी. टेपचं टोक कमानीला लावून तो खाली सोडतो. सव्वाचार मीटरच्या वर. मालवाहू गाडीला कायद्याने चार मीटरपर्यंत मुभा आहे. ठरलेल्या उंचीबाहेर माल गेला तर 2019 पासून दंड वीस हजार रुपये. ड्रायव्हर टेपकडे पाहतो आणि काही बोलत नाही. छत खाली आलं तर ही अडचणही त्याच्याबरोबर खाली येणार आहे.

काका कामाला लागतात.

आधी पट्टे सुटतात. पुढचे दोन, मागचे दोन. मग चेन उघडून कापड कमानींवरून सोलल्यासारखं काढलं जातं. ते खाली आणताना दोघांनी धरलेलं असूनही वारा त्यात शिरतो आणि क्लीनरला दोन पावलं ओढत नेतो. शेडमध्ये ते जमिनीवर पसरलं जातं. काका त्यावर हात फिरवत जातात. जिथे फाटलंय तिथे नव्हे, जिथे फाटलेलं नाही तिथे. उरलेले तीन कोपरे, चेनच्या कडा, कमानीवर घासणाऱ्या रेषा. दोन ठिकाणी थांबतात, खडूने खूण करतात. इथेही दोरा गेलाय, इतकंच की अजून सुटला नाही.

मशीन सुरू होतं. जाड कापडावर सुई टकटक करत जाते. सुती दोरा नाही, पॉलिएस्टरचा. शेजारी शेजारी दोन ओळी. कोपऱ्यात आतून रेक्झिनचा तिकोनी तुकडा बसवतात, ताण एकाच टाक्यावर न येता पसरावा म्हणून. जुन्या टाक्यांच्या भोकांवरून नवी शिवण घालत नाहीत. अर्धं बोट आत सरकतात. भोकांच्या रांगेवरूनच कापड कागदासारखं फाटतं, असं ते मशीनवरून मान न उचलता सांगतात. कपाळावरचा घाम कापडावर पडू नये म्हणून मध्येच थांबून पुसतात.

बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेलाय. रांगेतले दोन ट्रक निघाले, तीन नवे आले. ड्रायव्हर फोनवर कुणाला तरी सांगतोय, संध्याकाळ होईल. पलीकडून आवाज चढतो. तो फोन कानापासून जरा लांब धरतो. मग टपरीवर येऊन चहा मागतो आणि माझ्याशेजारी बसतो. इंदिरा सागर त्याने पाहिलेलं नाही. त्याला फक्त पत्ता माहीत आहे.

मी ते पाणी पाहिलंय. पुनासाजवळ नर्मदेवर 92 मीटर उंचीचं धरण, आणि त्यामागे 900 चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला जलाशय. साठवण क्षमतेने देशातला सर्वांत मोठा. त्याच्या पोटात हरसूद गेलं, 2004 साली. अख्खं शहर स्वतःच्या हाताने घरं मोडून उठलं. त्याच पाण्याकाठी हनुवंतियाला 2016 पासून जलमहोत्सव भरायला लागला. बोटी आल्या, तंबू आले, इंदूर-खंडव्याकडची कुटुंबं सुट्टीत तिथे जायला लागली. काठ सोडून बोट आत गेली की चहूकडे पाणी. झाड नाही, डोंगराची सावली नाही. ऊन वरून येतं आणि पाण्यावरून उलटूनही येतं. अशा वेळी आजी-आजोबा, तान्ही मुलं, सगळी त्या पाच चौरस मीटर कापडाखाली दाटीवाटीने बसतात. छत ही बोटीची शोभा नाही. त्याच्याशिवाय दुपारच्या फेरीला बोट काढताच येत नाही.

महेश्वरच्या घाटावरच्या नावांनाही डोक्यावर रंगीत कापड असतं, साध्या काठ्यांवर ताणलेलं. पण त्या नावा पाण्यातच वाढतात, पाण्यातच जुन्या होतात. त्यांच्या कापडाला नर्मदेवरच्या वाऱ्याखेरीज दुसरा वारा ठाऊक नाही. आता बोटी किनाऱ्यावरच्या कारखान्यांत बनतात आणि धरणांच्या पाण्यावर चालतात. मधले शेकडो किलोमीटर त्यांना रस्त्याने यावं लागतं. त्या रस्त्यासाठी त्यांच्या छताची तयारी कुणीच केलेली नसते.

दोन वाजून गेलेत. शिवण झाली. पण कापड पुन्हा कमानींवर चढत नाही. काका आधी हात लावून पाहतात, कुठे ओलं नाही ना. ओलं कापड घडीत बांधलं तर या उन्हात आतल्या आत वाफ धरते आणि काळे डाग पडतात. मग ते कापड लांबीत घडी घालून गुंडाळतात. रेक्झिनची एक लांब गवसणी त्यांनी मघाशीच शिवून ठेवलीय. गुंडाळी त्यात सरकवतात आणि चेन ओढतात. चेनचं तोंड खाली. वर ठेवलं तर धूळ आणि वारा दोन्ही आत शिरतात, म्हणतात. शिवाय नुसत्या चेनवर भिस्त नाही. गवसणीला तीन ठिकाणी कापडी पट्टे, दोन टोकांना आणि एक मधे.

आता कमानी. त्या चारही एकमेकींवर मिटतात, बिजागरीत मागे फिरतात आणि बोटीच्या मागच्या कडेवर आडव्या झोपतात. अर्ध्या तिरक्या उभ्या ठेवायची सोय आहे. त्यासाठी दोन बारीक आधारनळ्याही दिल्यात. काका ती वापरत नाहीत. पाण्यावर तात्पुरतं छत मागे करायला ते ठीक आहे. रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला कमानींचा भार त्या दोन नळ्यांवर आपटणार. म्हणून पूर्ण आडव्या. जिथे नळी फायबरला टेकते तिथे जुन्या सीटचा फोम कापून घातला जातो. नळीला नळी लागते तिथेही. क्लीनर आता न सांगता फोम पुढे करतो.

शेवटी पट्टे. रॅचेटची कटकट ऐकू येते. काका क्लीनरला थांबवतात. पट्टा सरळ सपाट ताणू नकोस, एक पीळ दे. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो, गुणगुणतो, आणि थरथरून रॅचेट ढिला पडतो. पीळ दिला की थरथर मोडते. पट्ट्याचं उरलेलं टोक लोंबतं सोडायचं नाही, गुंडाळून बांधायचं. नाहीतर तेच टोक रस्ताभर बोटीला चाबकासारखं मारत राहतं. क्लीनर पीळ देतो, ओढतो, टोक बांधतो. काका पट्ट्यावर बोटाने टिचकी मारतात. आवाज ऐकतात. मान हलवतात.

सगळं मिळून छत उतरवणं, गुंडाळणं, बांधणं अर्ध्या तासाचं काम झालं. बाकीचा सगळा वेळ शिवणीत गेला.

ड्रायव्हर पैसे देतो. काका शिवणीचे घेतात, गवसणीचे कमी लावतात. मग त्याला बाजूला घेऊन सांगतात, उस्ताद, सिमरोल आलं की गाडी कडेला घे आणि खाली उतरून प्रत्येक पट्ट्याला हात लाव. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्येच पट्टे बसतात आणि ढिले पडतात. तिथे एकदा आवळले की पुढे फारसं बघावं लागत नाही.

मी तेजाजी नगर चौकापर्यंत ट्रेलरच्या मागेमागे जातो. इथून गाड्या बायपास सोडून खंडवा रोडला वळतात. रांग लागलीय. बसेस, डंपर, शेतमालाचे ट्रॅक्टर, ओंकारेश्वरला निघालेल्या मोटारी. भेरूघाटात एखादी गाडी बंद पडली की रांगेची शेपटी कितीतरी मागे येते. ऊन आता तिरपं झालंय, पण रस्ता अजून धगधगतोय. माणसं गाड्यांतून उतरून टायरच्या सावलीत उभी आहेत. काकडीवाला रांगेतून फिरतोय. मागच्या ट्रकवरच्या भुश्याची ताडपत्री फुगते, बसते, फुगते. ट्रेलरवरची बोट मात्र गप्प आहे. काहीही फडफडत नाही. उंचीही कमी झालीय, साडेतीन मीटरच्या आत. क्लीनर खिडकीतून मागे वळून एकदा बघतो आणि पुन्हा पुढे बघतो.

पुढे घाट उतरायचाय. चोरल, बलवाडा, बडवाह, मोरटक्क्याला नर्मदा, मग सनावद, पुनासा. वळणावळणाला वारा कधी समोरून, कधी कुशीतून.

हूडवाल्या काकांच्या दुकानात अशा फाटक्या कोपऱ्यांचा एक ढीग आहे. जीपच्या हूडचे, मंडपाच्या कनातींचे, मधूनच एखादा निळा, बोटीच्या छताचा. बहुतेक सगळे वाटेत फाटलेले, जिथे वापरायचे होते तिथे नव्हे. आणि बहुतेक वेळा भरपाई त्याच माणसाच्या खिशातून गेली ज्याला छत कसं मिटतं हे कुणी दाखवलं नव्हतं.

तेव्हा बोट विकणाऱ्या, विकत घेणाऱ्या आणि पाठवणाऱ्या सर्वांना माझं सांगणं आहे. गाडी सुटण्याआधी छत उतरवा. ते गवसणीत घाला, कमानी आडव्या करून बांधा, आणि हे सगळं ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर करा. बिल्टीत एक ओळ लिहा, छत घडी करून, गवसणीत, सुस्थितीत दिलं. त्या ओळीखाली दोघांच्याही सह्या घ्या. गवसणी महाग नाही. ती बोटीबरोबरच द्या, कारण मोसम संपला की हीच बोट याच रस्त्याने दुरुस्तीला परत जाणार आहे.